मागचं दार

हेमाताई ओव्हाळ स्वारगेट डेपोत कंडक्टर होत्या, आणि त्यांच्या गाडीत दाराशी घोळका करून उभं राहायची कुणाची टाप नव्हती. पुण्याच्या जुन्या बसला मागच्या दाराने चढायचं आणि पुढच्या दाराने उतरायचं. आता आपला माणूस असा, की आत आला रे आला की तिथेच दांडा धरून तंबू ठोकतो. पुढे अर्धी गाडी रिकामी असली तरी याचं बस्तान दाराशीच. इतर कंडक्टर विनंत्या करून घसा कोरडा करायचे. हेमाताई विनंती वगैरे करत नसत. "पुढे सरका. पुढे काय वाघ बसलाय का?" एवढं म्हणून तिकिटाच्या मशीनचा कोपरा पाठीला लावला की भलेभले सरकत. रविवारी खडकवासल्याला कणसं खायला निघालेली गर्दी त्यांनी अशी काही कोंबून नेली आहे, की ड्रायव्हरनेही आरशात बघून कपाळाला हात लावावा.

गुडघे कुरकुरायला लागले तशा त्या निवृत्त झाल्या, आणि पंचाईत झाली. घरात सरकवायला माणसं दोनच. नवरा बुद्धभूषण पोस्टातून निवृत्त, ते पेपर घेऊन खिडकीशी बसले की जेवायलाच उठणार. आणि मुलगी दीक्षा. तिची नोकरी कॉम्प्युटरवरची, कानात सदानकदा इअरफोनची ती पांढरी बोंडं. आईने काही विचारलं तर उत्तरं तीन: हो, नाही, बघू. पोरगी वाईट नव्हती, उलट गुणी होती. पण एका घरात राहून ती भेटतच नाही, याचं हेमाताईंना फार वाईट वाटायचं. दिवसभर गाडीभर माणसांशी बोलायची सवय असलेल्या बाईचं तीन शब्दांवर कसं भागावं?

अशात ती फुटबॉलची भानगड घरात आली. दीक्षा आणि तिच्या ऑफिसातली मंडळी शनिवारी दुपारी आपापल्या घरून कॉम्प्युटरवर एक खेळ खेळत. आठ जणांचे आठ संघ, आपसात लीग. या खेळात बॉलला लाथ आपण मारायची नसते. आपण मॅनेजर. अकरा जण निवडायचे, कोण कुठे उभा राहील, किती पुढे जाईल, कुणाला अडवेल ते ठरवून द्यायचं, आणि मग पडद्यावर ते पळतात ते बघत बसायचं. आठातली यास्मिन नोकरीसाठी मस्कतला गेली आणि एक जागा रिकामी झाली. दीक्षा जेवता जेवता म्हणाली, "आई, तू घेतेस का एक टीम?" म्हणाली ती चेष्टेत. हेमाताईंनी हातातला घास खाली ठेवला आणि हो म्हणून टाकलं.

संघाचं नाव ठेवलं स्वारगेट इलेव्हन. शनिवारी जेवणं उरकली की दोघी दिवाणावर शेजारी शेजारी बसत, आईकडे जुना लॅपटॉप, लेकीकडे नवा. शिकवता शिकवता दीक्षाच्या कानातली बोंडं निघाली. ऑफिसातला साहेब कसा खडूस आहे, फैज नावाचा मित्र जिंकला की कसा हवेत जातो, मध्यंतरी बघायला आलेल्या मुलाला तिने खरं म्हणजे का नाही म्हटलं, सगळं त्या दिवाणावर कळलं. हेमाताईंना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण शनिवार उजाडला की त्या सकाळपासून खूश असायच्या.

घोटाळा एकच होता. स्वारगेट इलेव्हन पोत्याने गोल खात होती.

का खात होती ते दीक्षाला तरी उघड दिसत होतं. खेळात एक पट्टी असते, आपले बचावाचे गडी गोलपासून किती पुढे उभे राहतील ते ठरवणारी. हेमाताईंनी ती पहिल्याच दिवशी जाईल तितकी पुढे ढकलली होती. आपल्याच गोलसमोर चार धट्टीकट्टी माणसं घोळका करून उभी आहेत, हे त्यांना बघवेना.

"आई, ही लाइन मागे घे. समोरचे तुझ्या लोकांच्या मागून पळतात," दीक्षा म्हणायची.

"आणि पुढे एवढी मोकळी जागा सोडू? मागे ठेवून काय लोणचं घालायचंय त्यांचं?"

"गोल कोण खातंय मग?"

"गोलकीपर खातोय. त्याला सांग."

बुद्धभूषण पेपरमागून म्हणाले, "कंडक्टरच्या हाताखाली गेल्यावर त्या पोरांचं दुसरं काय होणार."

लीगचा नियम मात्र कडक होता. सीझनअखेर तळाला राहील त्याला डच्चू, त्याच्या जागी दुसरा. ऑफिसातले तिघंचौघं टपलेलेच होते. एकच सामना उरला तेव्हा स्वारगेट इलेव्हन तळाला होती, आणि त्यात निदान बरोबरी झाली तर वाचणार होती. नाहीतर फुटबॉल गेलं खड्ड्यात, हेमाताईंचे शनिवार जाणार होते. परत हो, नाही, बघू. त्यात हा सामना पडला दीक्षाशीच. ती जिंकली तर फैजला मागे टाकून पहिली येणार होती. ती आईला सोडून देईल असं काही नव्हतं. आणि मुद्दाम सोडलं असतं तर आईनेच तिला फैलावर घेतलं असतं.

त्या आठवड्यात हेमाताई खडकवासल्याला बहिणीकडे, शालूकडे निघाल्या. गाडी जुनीच होती. आयुष्यभर बसमध्ये उभी राहिलेली बाई पहिल्यांदाच निवांत मागच्या बाकावर टेकली. कंडक्टर एक तरतरीत मुलगी. तिने दोनदा "पुढे चला" म्हटलं, माणसं सरकली, मागचं दार मोकळं झालं. हेमाताईंना अगदी बरं वाटलं. पुढच्या स्टॉपवर कॉलेजच्या पोरांचा लोंढा त्याच मोकळ्या जागेत घुसला. अडवायला कुणीच नव्हतं.

हेमाताई बघतच राहिल्या. पुढे सरका म्हणायचं कशासाठी? मागून माणसं आत यावीत म्हणूनच की. म्हणजे इतके शनिवार आपल्या पोरांना पुढे सरकवून त्या समोरच्यांना मागच्या दाराने आत घेत होत्या, तेही विनातिकीट. त्या एकट्याच हसायला लागल्या. शेजारच्या बाईने आपली पिशवी जवळ ओढून घेतली.

शनिवारी दीक्षा लॅपटॉप घेऊन आपल्या खोलीत गेली. "आज तू समोरची पार्टी आहेस," म्हणाली आणि दार लावून घेतलं. दिवाणावर हेमाताई एकट्याच उरल्या. त्यांनी ती पट्टी पार मागे ओढली. पाच जण गोलसमोर, त्यांच्या पुढ्यात आणखी चार, आणि पुढे एकटा बिचारा हवा खायला. कुणीही पुढे धावायचं नाही, अंगावर जायचं नाही, नुसतं जागा धरून उभं राहायचं. ज्या जातीच्या प्रवाशांना त्यांनी जन्मभर शिव्या घातल्या, नेमके तसले नऊ जण त्यांनी दाराशी उभे केले.

दीक्षाचे गडी उजवीकडून आले, डावीकडून आले, लांबून मारून बघितलं. दर वेळी कुणाच्या तरी अंगाला धडकून परत. बुद्धभूषणांनी पेपर खाली ठेवला आणि चक्क खुर्ची जवळ ओढली. "हलू नका रे," हेमाताई पुटपुटत होत्या, "कुणीही म्हणो, हलू नका." अगदी शेवटी बॉल गोलच्या खांबावर आदळला, तेव्हा त्यांनी नवऱ्याचं मनगट असं धरलं की ते कळवळले. मग शिट्टी झाली. शून्य-शून्य.

स्वारगेट वाचली. हेमाताईंचा आनंद मात्र पाण्याचा घोट घेईपर्यंतच टिकला. खोलीचं दार बंदच होतं. पहिला नंबर फैजला गेला होता. शनिवार वाचवायच्या नादात पोरीच्या तोंडचा घास आपणच काढला, आता ती बसेल कशाला आपल्याशेजारी? दारावर टकटक करायचीही त्यांना भीती वाटली. त्या तशाच लॅपटॉप मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. दीक्षा लॅपटॉप काखेत मारून आली. तोंड फुगलेलं होतं.

"एक तरी माणूस पुढे पाठवायचास ना. किती कंटाळवाणं खेळलीस, आई."

"दारातून हलायलाच तयार नव्हते," हेमाताई म्हणाल्या.

दीक्षाने तोंड तसंच फुगवून ठेवायचा प्रयत्न केला, पण तिला हसू आलं. "फैज म्हणतोय, काकूंना पार्टी द्यायचीय. मला काय ऐकून घ्यावं लागतंय माहितीये?" ती दिवाणापाशी आली. "पुढच्या सीझनला हे असलं चालू देणार नाहीये मी. काय काय लावलं होतंस ते सगळं दाखव आधी. सरक जरा."

हेमाताईंना जन्मात कुणी सरक म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं. त्यांनी उशी उचलली आणि मुकाट्याने सरकल्या. दीक्षा शेजारी बसली. कानातली बोंडं ती खोलीतच ठेवून आली होती.