बाबा हरवल्याची पोस्ट

बाबा हरवले नव्हते. फोन घरी चार्जिंगला ठेवून, न सांगता, धनजहून एसटीनं वाशीमला आत्याकडे गेले होते. मी मात्र दुपारीच त्यांचा टोपीतला फोटो टाकून मोकळी झाले: ‘माझे वडील हरवले आहेत. दिसल्यास कृपया घरी आणावे.’ संध्याकाळी बाबा आत्यानं दिलेली सीताफळं घेऊन घरी आले. तोवर शेकडो लोकांनी ती पोस्ट पुढे पाठवली होती.

लगेच दुसरी टाकली, ‘बाबा सुखरूप आहेत.’ तिला अकरा लाइक आले, त्यातला एक माझा. आनंदाच्या बातमीला एवढंच गिऱ्हाईक, याचा मला रागच आला.

पुढच्या बाजाराला बाबा कारंज्याला गेले आणि तासाभरात मोटारसायकलवर दोन अनोळखी माणसांच्या मधे बसून परत आले. आणणाऱ्यांचा चेहरा असा फुललेला, की मी मुकाट्यानं चहा ठेवला. त्यापुढच्या बाजारी ऑटोवाल्यानं आणलं. तीन महिने झाले तरी पोस्टखाली कुणी ना कुणी विचारायचंच, ‘सापडले का काका?’ विचारणाऱ्याला उत्तर न देणं मला उर्मटपणाचं वाटतं. मी प्रत्येकाला लिहायचे, ‘हो, सापडले. धन्यवाद.’

चौथ्यांदा आणल्यावर बाबा रिकामी पिशवी घेऊन ओट्यावर बसले. “मले चोरावानी धरून आनून राह्यले,” म्हणाले. “आता मी बाजारात जातच नाही.” आई गेल्यापासून तेवढ्या एका दिवसासाठी ते दाढी करायचे, धुतलेली टोपी घालायचे. पुढचे तीन बाजार दाढी वाढवून ओट्यावरच बसून काढले त्यांनी. मला ते बघवेना.

सुट्टीत भाची आली. ती अकोल्याला कॉम्प्युटर शिकते. माझा फोन बघून तिनं कपाळावर हात मारला. “मावशी, तूच तर ते जिती ठेवून राह्यली! कोनी खाली काही लिहिलं का पोस्ट पुन्हा वर येते. अर्धं तर तुयंच धन्यवाद हाये. त्या ॲपले बातमी जुनी झाली हे कयत नाही, फक्त गर्दी दिसते. नव्या पोस्टपाशी गर्दीच नाही, मंग ते कोनाले दिसन? मूळची काढून टाक, पुढं पाठवलेल्या बी जातीन.”

खरं सांगते, माझं बोट अडखळलं. माझ्या लिहिण्याला जन्मात कधी एवढी माणसं जमली नव्हती. दिवाळीच्या रांगोळीलाही नाही. मग ओट्याकडे बघितलं आणि पोस्ट काढून टाकली.

बाजाराच्या दिवशी बाबांनी दाढी केली, टोपी घातली. दारात थांबून मोठ्यानं म्हणाले, “मी कारंज्याले चाललो. आयकलं का?”

“ऐकलं. त्या दिवशीही असं सांगून गेला असतात तर?”

“सांगूनच गेलतो,” चपला पायात सरकवत ते म्हणाले. “तू हो बी म्हनली. मोबाइलात पाहून राह्यली होती.”