नाय परवडत

“बोला, नाय परवडत!” गणपतीचे डोळे आखताना हातातला ब्रश जराही न हलवता बाई म्हणायच्या. समोर बसलेली पोरं खिदळत ओरडायची, “नाय परवडत!”

“हसायचं नाय. आणि खाली बघून तर मुळीच नाय.”

बाईंच्या पेणच्या गणपतीच्या कारखान्यात मी दरवर्षी रोह्याहून माझ्या दुकानासाठी मूर्ती ठरवायला जायचो. पोरं कसली, अर्कच! शाळेला रामराम ठोकलेली, कुणी चोरीत सापडलेला, कुणी घरातून पळालेला. बाई त्यांना रंगकाम शिकवायच्या, मजुरी त्यांच्याच हातात द्यायच्या आणि गिऱ्हाइकाशी बोलायलाही त्यांनाच पुढे करायच्या. मी चिडवायचो, “बाई, माझ्या पोटावर पाय देताय!”

“हाय की चांगलं सुटलेलं,” त्या म्हणायच्या.

एका वर्षी मिठागरावरच्या घरातली एक पोरगी माझ्यासमोर आली. मी सवयीने निम्मा दर सांगितला. तिने माझ्या डोळ्यांत बघितलं. “नाय परवडत, काका. पुराच दर पडेल.” आवाज कापला, पण मान ताठ. मला कौतुक वाटलं हो! पण बाजारातली खोड. उठलो, चपला घातल्या, चालू लागलो. दहा पावलं गेलं की मागून हाक येते, मग दोघंही थोडं थोडं सरकतात. तुम्हीही असंच करता ना?

हाक आली नाही. वळून बघितलं, तर बाई दारात ओठ मिटून उभ्या. सौदा पोरीचा, त्या मध्ये पडेनात. मी परत फिरावं, तर माझा मेला मान आडवा आला. शेजारच्या कारखान्यातून मूर्ती घेतल्या, त्याही पोरीने सांगितलेल्याच दराने.

पुढच्या वर्षी पोरगी दिसली नाही.

“वडखळला ढाब्यावर भांडी घासते,” बाई म्हणाल्या. “एक तरी सौदा स्वतः करून दाखवलास तर इथं राहा, असं तिचा बाप तिला म्हणाला होता. ती बरोबरच बोलली हो. गिऱ्हाइकाला परत हाक मारायची असते, ते शिकवायचं माझंच राहिलं.”

मी हाकेसाठीच रेंगाळलो होतो, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही. माझी चूक बाईंनी शेवटपर्यंत स्वतःची मानली. त्या वर्षापासून मी उठलो की सगळी पोरं एका सुरात ओरडायची, “ओ काका, या इकडं!” मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

बाई गेल्या. परवा पेणला त्या दारावरून पुढे निघालो आणि दहाव्या पावलाला पाय आपोआप थांबले. या वेळी हाकेची वाट न बघता मी मागे फिरलो. दाराला कुलूप होतं.