दहा हजार सातला भाग जात नाही

घोटावड्याच्या आमच्या शेताचं क्षेत्र सातबाऱ्यावर एक हेक्टर आणि वर सात चौरस मीटर असं आहे. म्हणजे दहा हजार सात चौरस मीटर. मी गणिताचा मास्तर, पण हा आकडा वर्षानुवर्षं नुसता वाचत आलो. त्याचं तोंड पहिल्यांदा नीट पाहिलं ते मागच्या उन्हाळ्यात, एजंट वाटणीचा नकाशा घेऊन ओट्यावर बसला तेव्हा.

हिस्सेदार आम्ही चार: चुलती, मी आणि दोन चुलतभाऊ. एजंटानं चार सारखे तुकडे पाडले होते. भावांचे रस्त्याकडेला, उद्या विकता येतील असे. चुलतीचा मागच्या उताराला, विहिरीपासून तुटलेला. तिनं सही केली की तिच्या खाचरांचं पाणी जाणार, हे सगळ्यांना कळत होतं. 

माझ्या खिशात खडू असतोच. शहाबादी फरशीवर १०००७ लिहून मी जाहीर केलं की या संख्येला कशानंही भाग जात नाही. एजंट हसला. मग, खोटं कशाला सांगू, मी रंगात आलो. तीननं भागलं, दोन उरले. सातनं, चार उरले. तेरानं, दहा. बाकी उरली की मी फरशीवर थाप मारायचो. शंभराच्या आतल्या ठरावीक पंचवीस संख्या तपासल्या की काम संपतं. मोठा भाजक असलाच, तर त्याचा जोडीदार शंभराच्या आत सापडायलाच हवा. सत्त्याण्णवला सोळा उरले, तोवर एजंटाच्या चहावर साय धरली होती.

तो शांतपणे म्हणाला, "मास्तर, पॉइंटमध्ये जातो की भाग. नाहीतर ते वरचे सात मीटर सोडून द्या. दहा हजार कसे मस्त तुटतात बघा."

त्याचं बरोबर होतं. जमीन पॉइंटमध्येही तुटते. माझा सगळा तमाशा तिथंच आटोपला असता.

तेवढ्यात चुलतीनं विचारलं, असल्या आकड्याला म्हणतात काय? मी म्हटलं, मूळ संख्या.

"मूळ? म्हंजे आपल्यावानीच की." मग ती एजंटाकडं वळली. "ते सोडायचे सात मीटर कुटले रं? दाखव."

त्यानं नकाशा पाहिला. मग शेत पाहिलं. मग पुन्हा नकाशा.

"ऱ्हाऊ दे. मीच दावते," म्हणत ती उठली, उन्हातून तरातरा गेली आणि विहिरीच्या कठड्यावर मांडी घालून बसली. "हे बघ. हितं मी बसलीय. आता सोड."

एजंट सहीविनाच गेल्यावर, भाऊही तोंडं पाडून गेल्यावर, मी फरशी पुसायला फडकं घेतलं.

"ह्याला उद्या-परवा भाग जाईल का रं?" परत येऊन ओट्यावर टेकत तिनं विचारलं.

"कधीच नाही, काकी."

"मग पुसू नगंस."