उघाडीच्या राखणदाराचा धिक्कार

ती घटना आठवली की आजही माझी छाती अंमळ फुगते. सत्तरचं दशक संपत आलं होतं. बेलापूर भागात नवं शहर अजून बरंचसं नकाशावरच होतं आणि मी तिथल्या ठाण्यात नवा फौजदार होतो.

एका सकाळी खाडीकाठच्या एका गावाचे प्रमुख पंच सह्या-अंगठ्यांचा ठराव घेऊन आले. खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून बांधाला फळ्यांचं दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. उधाणाच्या भरतीत त्या फळ्या उघड्या राहिल्या, खारं पाणी शिरलं आणि पोटरीला आलेलं, पोटात कणीस धरलेलं भात गेलं. ठरावात उघाडीच्या राखणदाराचा देवळासमोर केलेला जाहीर धिक्कार होता. त्याच्याशी कोणी बोलायचं नाही, त्याला विहिरीवर पाणी भरू द्यायचं नाही. वर आम्ही त्याला अटक करावी, ही मागणी.

"सगल्या गावानं ठरवलाय, सायेब. आता पुरावा कशाला पायजे?" पंच म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. ठराव बाजूला ठेवला, फिर्याद नोंदवली आणि पंचनाम्याला निघालो.

राखणदार साठीचा होता. त्याची बायको मैलभरावरून पाणी आणत होती. "फल्या मी सोता बसवल्या, चिखल-पेंढा लावला," एवढंच तो सांगत राहिला. मी तीनदा उलटसुलट विचारलं, जबाब बदलला नाही. खोटं बोलणारा तिसऱ्या खेपेला हमखास काहीतरी सजवतो. उघाडीच्या खाचेत जाळ्याचा फाटका तुकडा अडकलेला होता, तो जप्त केला.

चौथ्या दिवशी मासे विकणारी एक बाई ठाण्यात आली. आधी हवालदाराशी भांडली, मग मला म्हणाली, "भात पोटरीला आला का उघारीवर जालं लावाला बंदी. गावाचाच नियम हाय. मंग शेतान पानी शिरला त्याच दिशी पंचांच्या घरशी टोपलीभर जिती कोलंबी माझ्याकं इकाला कशी आली?"

पंचांना बोलावलं. आवाज चढवला नाही. त्यांच्या पडवीतलं जाळं मागवलं आणि तुकडा फाटलेल्या जागी ठेवला. नेमका बसला. मग पंचांनी सगळं सांगितलं. ओहोटीला फळ्या काढून त्यांनी चोरून जाळं लावलं होतं आणि कोलंबीच्या नादात फळ्या परत बसवल्याच नव्हत्या. धिक्काराचा ठराव मांडणारेही तेच.

दोषारोपपत्र कोर्टात गेलं, माझं काम संपलं. तरी मी पंचांना बजावलं, "देवळासमोर धिक्कार केलात ना? तिथेच उभं राहून तो मागे घ्या." तो माझा अधिकार नव्हता, पण मला राहवेना.

गाव जमलं. पंचांनी कबुली दिली. लगेच लोक ओरडले, "आता याचा पानी बंद करा!"

राखणदार उठला. "नको," तो म्हणाला. "याची सून दोन जिवांची हाय. ती कुठशी पानी आनील?"

पुढच्या नोकरीत मी निंदा खूप ऐकली, निषेधाचे मोर्चे अडवले. निंदा माणसाच्या पाठीमागे होते, निषेध त्याच्या कृत्याचा होतो. धिक्कारात मात्र अख्खा माणूसच टाकून देतात, आणि म्हणून त्याआधी चौकशी हवी, हे मी त्या प्रकरणात शिकलो. तपास मी लावला, याचा अभिमान आहेच. पण खरं सांगतो, राखणदाराच्या जागी मी असतो, तर पंचांचं पाणी मीच आधी बंद केलं असतं.