साडूंच्या गाडीचं नाक

माणसानं आयुष्यात काय वाट्टेल ते सोसावं, पण ज्याच्या गॅरेजमध्ये जुनी अमेरिकन गाडी उभी आहे असा साडू सोसू नये. हे मी ऐकीव माहितीवर सांगत नाही. थंडगार फरशीवर पाठ टेकून, डोळ्यांत गंजाचा भुगा झेलत मिळवलेलं हे ज्ञान आहे. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमच्या ताई, आणि त्यांचे यजमान एनिसमध्ये आमच्याच वसाहतीत राहतात, अगदी हाकेच्या अंतरावर. आयर्लंडला येताना वाटलं होतं, परक्या मुलुखात आपलं माणूस जवळ असलेलं बरं. आता वाटतं, मध्ये निदान एखादा समुद्र हवा होता.

साडू शॅननला विमानांची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत आहेत. दिवसभर विमानांचे स्क्रू तपासायचे आणि घरी आल्यावर उरलेल्या जगाचे, असा त्यांचा दिनक्रम. आमच्या नव्या घरी पहिल्यांदा चहाला आले तेव्हा कप हातात घ्यायच्या आधी त्यांनी खिशातून एक छोटी स्पिरिट लेव्हल काढली आणि स्वयंपाकघरातल्या प्रेसवर ठेवली. इथे भिंतीतल्या कपाटाला प्रेस म्हणतात आणि आता आम्हीही म्हणतो. एक डोळा मिटून त्यांनी त्या नळीतला बुडबुडा पाहिला आणि माझ्या बायकोला विचारलं, "प्रेस डावीकडे झुकलंय. तुम्हाला रात्री झोप कशी लागते?" त्या दिवसापर्यंत आम्हाला उत्तम झोप लागत होती. आता सकाळी चहापत्तीचा डबा काढताना माझी मान आपोआप डावीकडे वाकते, आणि याला जबाबदार कोण हे मी इथे स्पष्टपणे नोंदवून ठेवतो.

तर गाडी. सत्तरच्या दशकातली, दोन दारांची, केशरी रंगाची, आणि नाक एवढं लांब की साडू वळणावर पोचायच्या आधी गाडी वळून गेलेली असते. अशा दांडग्या इंजिनाच्या गाड्यांना मसल कार म्हणतात. ती सुरू झाली की आमच्या घरातल्या बशा वाजतात. स्टिअरिंग डावीकडे असल्यामुळे आमच्या क्लेअर परगण्यातल्या चिंचोळ्या रस्त्यांवर पुढचा ट्रॅक्टर ओलांडायचा तर उजवीकडे बसलेल्या माणसानं खिडकीबाहेर डोकं काढून "चला, चला, चला... थांबा!" असं ओरडायचं असतं. तो उजवीकडचा माणूस म्हणजे मी. त्यातून पावसात गाडी बाहेर काढायची नाही असा कडक नियम. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर राहून असा नियम करणाऱ्या माणसाला काय म्हणावं? वर्षातले बहुतेक शनिवार ती गाडी गॅरेजमध्ये आणि मी तिच्याखाली.

सगळ्यात संताप येतो तो त्यांच्या सर्वनामांचा. समोर राहणारी आयरिश आजी येऊन "ऑ, दॅट्स अ ग्रँड यॉक यू हॅव देअर", म्हणजे काय झकास चीज आहे तुमच्याकडे, असं म्हणाली, की साडू छाती फुगवून सांगणार, "माय कार." पण एखादा बोल्ट सुटेना झाला की लगेच मला फोन: "अहो साडूभाऊ, आपल्या गाडीचं जरा काम होतं." कौतुकाला माझी, ग्रीसला आपली! मी एकदा हे तोंडावर बोललो. त्यांनी अत्यंत गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, "बरं, मग तुमच्या गाडीचं जरा काम होतं." अशा माणसाशी भांडण तरी कसं करायचं?

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी अमेरिकेहून पुढचा स्पॉयलर मागवला. बंपरच्या खाली हनुवटीसारखी लावायची ही जाड प्लॅस्टिकची काळी पट्टी. "कशाला?" मी विचारलं. ते म्हणाले, "वेगात वारा गाडीखाली घुसतो आणि नाक उचललं जातं. ही पट्टी वारा अडवते." "कुणाच्या वेगात?" मी विचारलं. कारण साडू ती गाडी इतकी सांभाळून चालवतात की एकदा आम्हाला घंटी वाजवत एका सायकलवाल्या पाद्रीबाबांनी मागे टाकलं होतं. त्या वेगात गाडीचं नाक उचलायची वाऱ्याची काय बिशाद? पण साडूंनी कागद घेतला, बाण काढले, आणि दुसरा चहा होईपर्यंत मला वारा समजावून दिला.

खरं कारण वाऱ्यात नव्हतंच. त्यांची एकुलती एक लेक त्या उन्हाळ्यात शाळेतून बाहेर पडली होती आणि तिचं डेब्स जवळ आलं होतं. डेब्स म्हणजे इकडच्या बारावीच्या मुलांचा निरोपाचा थाटामाटाचा सोहळा. गाऊन, सूट, हॉटेलात जेवण आणि नाच. मुलं मोठ्या झोकात गाड्यांतून उतरतात आणि अख्खा गाव बघायला उभा राहतो. लेकीला आपल्या हातानं नीट केलेल्या गाडीतून त्या हॉटेलच्या दारात उतरवायचं, एवढं एकच त्यांनी मनाशी धरलं होतं. आणि गाडी कशी, तर कारखान्यातून निघाली तेव्हा होती तशी, अगदी स्पॉयलरसकट. "पुढच्या महिन्यात ती कॉलेजला जाणार," ते एकदा गाडीखालून म्हणाले. "मग आपल्या गाडीत कोण बसणार?" मी बोल्ट शोधत राहिलो.

आता माझी कुचंबणा ऐका. ही पोरगी मराठी सगळं समजते पण उत्तर इंग्रजीतच देते, तेही अस्सल क्लेअरच्या हेलात. एक दिवस तिनं मला गाठलं. "काका, द गर्ल्स हॅव अ मिनीबस बुक्ड. आय वॉना गो विथ देम. विल यू टेल हिम? आय कान्ट. लुक ॲट हिम, लाईक." मी पाहिलं. साडू टूथब्रशनं बंपरची फट घासत होते, आणि तो टूथब्रश बराच नवा दिसत होता. म्हणजे बापाचं मन मोडायचं काम कुणाचं? माझं! या घराण्यात मी जावई म्हणून आलो की निरोप्या म्हणून, हे मला एकदा कुणीतरी सांगा. मी धीर करून साडूंना म्हणालो, "तिला मैत्रिणींबरोबर जावंसं वाटत असेल हो." ते प्रसन्न हसले. "त्यांनाही दाखवू की! फोटो काढतील गाडीबरोबर." मी परत गाडीखाली गेलो.

तो स्पॉयलर बसवणं म्हणजे काय दिव्य होतं! खोक्यात दुमडून आल्यामुळे तो वाकडा झाला होता. मग लेकीचा हेअर ड्रायर आणून त्याला ऊब द्यायची, तो मऊ झाला की मी उताणा पडून दोन्ही हातांनी त्याला वर दाबून धरायचा, आणि साडूंनी लांब उभं राहून म्हणायचं, "एक केस खाली." आधी मध्य बसवायचा, मग दोन्ही बाजूंना सरकत जायचं, नाहीतर शेवटी एक टोक लोंबतं, असं शास्त्र आहे. कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचा नमुना कापला, चिकटपट्टीवर खुणा केल्या, पुसल्या, पुन्हा केल्या. आणि प्रत्यक्ष पत्र्याला भोकं पाडायची वेळ आली तेव्हा या विमानांच्या डॉक्टरानं ड्रिल माझ्या हातात दिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. "तुम्ही पाडा. मला बघवत नाही." ताई म्हणाल्या, लेकीचे कान टोचले तेव्हाही हे असेच रस्त्यावर जाऊन उभे राहिले होते.

डेब्सच्या दिवशी आकाश स्वच्छ होतं, हा एक चमत्कारच. इकडच्या पद्धतीप्रमाणे निघण्याआधी मुलीला बघायला सगळी आळी दारात जमली. पोरगी हिरव्या गाऊनमध्ये खाली आली आणि मी क्षणभर ओळखलंच नाही. मिनीबसचं ती काहीच बोलली नव्हती. मैत्रिणींना तिनं परस्पर नाही कळवून टाकलं होतं. पण चेहरा पडलेला होता.

ताईंनी पूजा मांडली. गाडीला नवा भाग लागला, वर मुलगी पहिल्यांदा अशी निघालेली, म्हणजे पूजा हवीच. हळदकुंकू, फुलं, पुढच्या चाकांखाली लिंबं आणि समोर नारळ. रीतीप्रमाणे नारळ आधी फोडायचा. पण रंगावर पाणी उडेल म्हणून साडूंनी मनाई केली. नारळ नुसता दाखवायचा, मग उचलून आत नेऊन फोडायचा असं ठरलं. तो गाडीच्या बरोब्बर मध्यावर हवा म्हणून त्यांनी टेप लावून जागा ठरवली. अंगणाला रस्त्याकडे उतार, नारळ घरंगळेल, म्हणून त्याच्या पुढून लाकडी ठोकळा ठोकून पक्का बसवला. मग ताईंनी ओवाळलं, लेकीला बसवायच्या आधी गाडी लिंबांवरून घ्यायची म्हणून साडूंनी इंजिन सुरू केलं आणि सगळ्या आळीनं टाळ्या वाजवल्या. मी पाहिलं, नारळ तिथेच. "नारळ! नारळ!" मी जिवाच्या आकांतानं ओरडलो. त्या गडगडाटात कुणाला ऐकू जाणार? समोरच्या आजीला मात्र गेलं. तिला तो शुभेच्छांचा घोष वाटला आणि तीही हात उंचावून ओरडू लागली, "नारळ! नारळ!"

लिंबं फुटली. मग कडाड असा आवाज आला. नारळाला काही झालं नव्हतं. स्पॉयलर मधोमध उभा चिरला होता. पूर्वी त्या नाकाखालून नारळ आरामात निघून गेला असता, पण आता नाकाला हनुवटी होती. साडूंनी नारळाचा मध्य मोजला, उंची मोजलीच नाही! आणि यावर ताईंचा पहिला प्रश्न काय? "तुमचं लक्ष कुठं होतं हो?" मला! अख्ख्या वसाहतीत घसा फोडून ओरडणारा मी एकटा!

साडू खाली उतरले आणि गुडघ्यांवर बसले. काही वेळ त्या चिरेवरून बोट फिरवत राहिले. मग न वळताच म्हणाले, "जा बाळा, मैत्रिणींबरोबर जा. अजून निघाल्या नसतील. ही काही तयार नाही." असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता, आणि पुन्हा ऐकायची माझी इच्छा नाही.

पोरगी फोन हातात घेऊन उभी होती. एक फोन केला असता तर मिनीबस दारात आली असती. तिनं फोन आईकडे दिला आणि माझ्याकडे वळली. "काका, इज इट ओन्ली दॅट बिट? टेक इट ऑफ, सो." मी माझ्या एकुलत्या एक सुटात पुन्हा गाडीखाली आडवा झालो. ज्या बोल्टांसाठी माझे सगळे शनिवार गेले होते, ते मी स्वतःच्या हातांनी सोडवले, आणि त्यातला एक माझ्या कपाळावर पडला. तोवर ती गाऊन सावरत बापाजवळ जाऊन उभी राहिली होती. स्वच्छ मराठीत म्हणाली, "बाबा, चला ना. उशीर होतोय." साडू उठले, हात रुमालाला पुसले, आणि तिच्यासाठी दार उघडलं. ताई आणि माझी बायको मागच्या चिमुकल्या सीटवर कोंबून बसल्या. मला जागा नव्हती. मी आणि नारळ मागे राहिलो.

सप्टेंबरात ती देशाच्या दुसऱ्या टोकाला, पूर्व किनाऱ्यावरच्या डून लेरीला कॉलेजात गेली. काही दिवसांनी अमेरिकेहून नवा स्पॉयलर आल्याचं बायकोकडून कळलं. मी शनिवारी फोनची वाट पाहिली. आला नाही. पुढच्या शनिवारीही नाही. आता मला खराच राग आला. माणसाला एवढी सवय लावायची आणि मग त्याला घरात पेपर वाचत बसवायचं, ही कुठली रीत? शेवटी मीच जुने कपडे घातले आणि निघालो.

खोकं गॅरेजच्या कोपऱ्यात होतं, चिकटपट्टीसुद्धा काढलेली नव्हती. साडू गाडीत स्टिअरिंगमागे बसले होते, इंजिन बंद. "लावायचा ना आपल्या गाडीला?" मी विचारलं. "लावू की," ते म्हणाले, "घाई काय आहे? बसा जरा." मी उजवीकडचं दार उघडलं. सीट पार पुढे ओढलेली होती, मांजरसुद्धा नीट बसलं नसतं. मी वाकून खालचा खटका चाचपू लागलो.

"नका मागे घेऊ," साडू समोर बघत म्हणाले. "त्या दिवशी आईला आणि मावशीला मागे पाय ठेवायला जागा व्हावी म्हणून तिनं ओढलीय ती."

मी खटका सोडला, गुडघे पोटाशी घेऊन आत शिरलो आणि दार हळूच ओढून घेतलं.