दर बुधवारी बैलांचा तपास

तो तपास आठवला की आजही मी कपाळावर हात मारून घेते. चोरीलाच न गेलेल्या दोन बैलांसाठी मी एका निर्दोष माणसाला तीन तास ठाण्याच्या बाकावर बसवून ठेवलं होतं. सहायक पोलीस निरीक्षक, सेवा तीस वर्षांची, डोळ्यांवर काळा चष्मा. अक्कल बहुधा गणवेशाबरोबर इस्त्रीला गेली होती. नातवंडं विचारतात, "आजी, तुला पगार देत होते?" देत होते, आणि वेळेवर देत होते.

मुळशी तालुक्यातलं एक ठाणं; नाव सांगत नाही, कारण तिथल्या बाकीच्यांची काही चूक नव्हती. सकाळची हजेरी आटोपत होती, तेवढ्यात माण भागातले एक आजोबा एकटेच आत आले. पांढरी टोपी, स्वच्छ धोतर, ताठ कणा.

"बाई, माजी बैलजोडी चोरीला गेली. चुलत भावानंच नेली."

मी खुर्ची दिली, कागद घेतला. एका बैलाच्या कपाळावर पांढरा ठिपका, दुसऱ्याचं डावं शिंग आत वळलेलं, गोठ्याचं तोंड पूर्वेला. दोनदा उलटसुलट विचारलं. एक अक्षरही बदललं नाही. माझा तेव्हा ठाम सिद्धांत होता, की खोटं बोलणारा दुसऱ्या फेरीत अडखळतो. हे अडखळले नाहीत, म्हणजे खरं. फक्त कानातल्या सरकारी बिल्ल्याचा नंबर विचारला तेव्हा ते हसले.

"बैलाला बिल्ला? त्यो काय एसटीचा कंडक्टर हाय?"

आता गावोगावच्या जनावरांच्या कानात तो पिवळा बिल्ला असतो, हे शेतकऱ्याला माहीत नाही? शहाण्या माणसाने इथेच थांबायला हवं होतं. मी मात्र 'तक्रारदाराचा स्वभाव विनोदी' असं मनाशी ठरवून पुढे गेले.

त्यात नाक्यावरच्या चहावाल्याने खबर दिली, की त्या चुलत भावाच्या दारातून सकाळीच एक टेम्पो भरून गेलाय. मग काय! ठाणे अंमलदार चाचरत म्हणाले, "मॅडम, आधी गोठा बघून येऊ का?" मी म्हटलं, "गोठा कुठे पळून जातोय? आधी त्याला आणा."

चुलत भाऊ आला. वय सत्तरीचं, आवाज तिशीतला.

"बैल कुठे आहेत?"

"कंचं बैल?"

"नाटकं नकोत. टेम्पोत काय होतं?"

"भाडेकरूचा फ्रीज. खोली सोडून गेला पोरगा."

"फ्रीज म्हणे! खरं बोला."

"खरंच बोल्तुया की. तुमाला फ्रीज पसंत न्हाई, त्याला मी काय करू?"

तीन तास हेच. शेजारच्या खोलीत आजोबा चहा पीत हवालदारांना नांगरट शिकवत होते. चुलत भावाकडून नंबर घेऊन आजोबांच्या सुनेला तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा वाजून बंद पडला. माझा पारा चढतच होता. म्हातारा माणूस सकाळपासून ठाण्यात, आणि घरच्यांना पत्ता नाही!

दुपारी चुलत भावाला जीपमध्ये घालून घटनास्थळाच्या पंचनाम्याला निघाले. आजोबांनी सांगितलेल्या जागी चार मजली इमारत उभी होती, आयटीतल्या पोरांना भाड्याने दिलेली. गोठ्याच्या जागी पार्किंग. तोंड मात्र पूर्वेलाच. दोन पंच, टेप घेतलेला हवालदार आणि मी, आम्ही सगळे मोटारसायकलींपुढे उभे.

चुलत भाऊ हळूच म्हणाला, "त्यानं बैल इकलं तवा गिऱ्हाईक मीच आनलं हुतं. तीस वर्सं झाली. आता त्याला काय ध्यानात ऱ्हात न्हाई. डाक्टरनं सांगितलंय."

"मग सकाळीच का नाही बोललात?"

"तुमी इचारलं कुटं? कबूल कर, कबूल कर, येवढंच लावलं हुतं. आन् भाऊ हाय माजा. समद्या ठान्याम्होरं त्याला येडा म्हनू व्हय?"

मी त्या चुलत भावाची माफी मागितली. ती कोणत्याच कागदावर नाही, म्हणून इथे लिहिते. आजोबा खोटं बोलत नव्हते, म्हणूनच अडखळले नव्हते. त्यांच्या हिशेबाने ते बैल कालपर्यंत दावणीला होते.

इमारतीच्या तळमजल्यावर आजोबांचं घर. सून दारात उभी होती, केस ओले. नवरा कंपनीची गाडी चालवतो, बारा तास बाहेर. उरलेला राग मी तिच्यावर काढला. "सासरे तिकडे, आणि तुम्ही खुशाल फोन उचलत नाही?"

पुढचे काही महिने मी कार्यालयांचे उंबरे झिजवले. विसरण्याचा आजार झालेल्यांना दिवसभर सांभाळणारं केंद्र पुण्यात होतं. दोन बस बदलायच्या, आणि आजोबा बसमध्ये बसायला तयार नाहीत. इकडे एक टेबल म्हणे, हे आरोग्याकडे येतं. दुसरं म्हणे, समाजकल्याणाकडे. आरोपीसुद्धा इतका टोलवत नाही हो! शेवटी निवृत्त झाले आणि समाजमंदिराची किल्लीच मागून घेतली. आता दर बुधवारी तिथे सहा आजी-आजोबा येतात. आरोग्य केंद्राची आशाताई असते, बचत गटाच्या दोघी असतात, आणि घरच्यांना सक्त ताकीद असते की सोडा आणि जा. आजोबा माझ्याकडे बैलांचा जबाब देतात. मी दर वेळी नव्याने लिहून घेते. तपास चालू आहे.

ठाण्यात कोण आलं ते आम्ही डायरीत लिहितो. त्याच्यामागे घरी कोण उरलं, याला डायरीत रकाना नाही. तो रकाना मला त्या दिवशी दारात उभ्या असलेल्या सुनेने दाखवला. माझं ओरडून संपल्यावर ती म्हणाली,

"मॅडम, चहावाल्यानं सांगितलं, ते ठान्यात हायेत. म्हनलं, पोलिसांपाशी हायेत म्हंजी रस्त्यावर जात न्हाईत. कडी लावली, डोक्यावरनं न्हाले आन् झोपले. दोन म्हयन्यांनी. तपास बंद नका करू. उद्या बी बोलवा त्यांना."