शकुबाईंनी शाल सोडली नाही

घुग्घुसहून कंपनीच्या बसने दारूगोळ्याच्या कारखान्यात जाणाऱ्या आम्हा बायकांत शकुबाई रामटेके सगळ्यात जुन्या आणि सगळ्यात फटकळ. कंत्राटी बाईने इतकं बोलू नये, असं सुपरवायझर म्हणायचा. "मंग पर्मनंट करा, गोड बोलीन," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. नवरा गेल्यावर घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चाले, तरी जिभेला लगाम नव्हता.

आमच्याकडे एका मोठ्या गोळ्याच्या पोटात खूपसे लहान गोळे भरत. मोठा आकाशात फुटला की लहान खाली विखुरतात. त्यातले सगळेच पडताक्षणी फुटत नाहीत. काही तसेच जमिनीवर पडून राहतात, कोणी हात लावेपर्यंत. प्रत्येक लहान गोळ्याला एक पांढरी फीत असते. ती लावायचं काम शकुबाईंचं. माल जायचा एका मित्रदेशाच्या लष्कराला.

मागच्या उन्हाळ्यात त्या देशातला एक व्हिडिओ त्यांच्या मोबाइलवर आला. शाळेच्या मैदानात एक पोरगं पांढऱ्या फितीला धरून काहीतरी झुलवत होतं. पुढचं त्यांनी पाहिलं नाही. त्या दिवशी डबाही उघडला नाही. मग भेटेल त्या साहेबाला विचारत सुटल्या, आपला माल पडतो कुणावर? उत्तर एकच मिळे, ते वर दिल्लीत ठरतं.

एक दिवस दिल्लीच आली. हा माल त्या देशाला देत राहावं की नाही, हे तपासायला खासदारांची समिती येणार होती. कंपनीने काय करावं? सत्कार ठेवला! तपासायला आलेल्याला आधी शाल पांघरायची, ही आपल्याकडची जुनी खोड. माझा तर संतापच झाला.

सगळ्यात जुन्या म्हणून अध्यक्षांना शाल द्यायचा मान शकुबाईंना मिळाला. "तोंड उघडलं तर उद्यापासून काम बंद," मॅनेजरने आधीच बजावलं. मी नारळांचं ताट घेऊन मागे उभी. इतर सभासदांना नारळ देऊन झाले. अध्यक्षांनी मान पुढे केली. शकुबाई शाल धरून तशाच उभ्या.

"साहेब, पास झाल्यावर सत्कार करतेत. तुमची तपासणी तं अजून व्हायचीच आहे. मी लावलेली फीत तिकडच्या पोराच्या हाती दिसली मले. आपला माल कोणावर पडून राह्यला, हे तुमी विचारलं का त्याइले?"

अध्यक्ष हसले. "बाई, तो मित्रदेश आहे. हे सगळं विश्वासावर चालतं."

"मित्र आहे म्हणूनच तं विचारता येते. दुश्मन कायले सांगन?"

"बरं, नोंद घेऊ आम्ही."

"कोण घेऊन राह्यलं? सगळ्याइच्या हाती नारळ आहे."

मागे कोणीतरी हसलं. मॅनेजर दात ओठ खात पुढे आला. तेवढ्यात टोकाला बसलेल्या एका बाई खासदारांनी नारळ खुर्चीखाली ठेवला आणि पर्समधून पेन काढलं.

"तुमचं नाव नाही घातलं तरी चालेल," त्या हळूच म्हणाल्या. "तुमच्या नोकरीचा प्रश्न आहे."

शकुबाईंनी एकदा मॅनेजरकडे पाहिलं. शाल घडी करून काखेत मारली.

"पूर्ण लिवा, बाई. शकुबाई डोमाजी रामटेके, राहणार घुग्घुस. इथी फिता लावत होती, असं लिवा. आता लावत नाई."